गाळलेली जागा

दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास मुलांना दिलेला असला, तरी शेवटी तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात पडतो. गेल्या पाडव्याची गोष्ट. दुपारची जेवणे आटोपली होती, श्रीखंडाने डोळे जड झाले होते आणि मी जरा आडवा होण्याच्या विचारात होतो. तोच माझी नात वही घेऊन आली. ती सातवीत आहे.

"आजोबा, एवढं एकच राहिलंय," असे म्हणून तिने वही माझ्यापुढे धरली. 'गाळलेल्या जागा भरा' या मथळ्याखाली शेवटचे वाक्य असे होते की, दुर्बिणीचा शोध अमक्याने लावला. त्या 'अमक्या'ची जागा मोकळी होती, आणि ती एवढीशी की तिच्यात एकच नाव मावावे.

"गॅलिलिओ लिहू ना?"

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. 'लिही' म्हणून कूस बदलली असती तर तिला गुण मिळाले असते आणि मला झोप. परंतु तोंडून निघून गेले, "थांब. गॅलिलिओने नाही लावला."

"मग कुणी लावला?"

"ते नक्की सांगता येत नाही."

नोकरीबरोबर आजोबांचे ज्ञानही निवृत्त झाले की काय, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिले. मग मी उठून बसलो आणि तासभर तिला ती सारी हकीकत सांगितली. त्यातली एक गोष्ट मात्र त्या दिवशी तिला सांगण्याचे मला धैर्य झाले नाही. वाचकांपुढे दोन्ही ठेवतो.

दुर्बिणीची गोष्ट चष्म्यापासून सुरू होते. चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाला. 1306 साली फ्लॉरेन्समध्ये प्रवचन करताना जॉर्दानो नावाच्या एका धर्मोपदेशकाने श्रोत्यांना सांगितले की, चष्मा करण्याची कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. ज्याने ती प्रथम शोधली त्याला मी पाहिले आहे, त्याच्याशी बोललो आहे. एवढे सांगून हा भला माणूस पुढच्या विषयाकडे वळला. त्या कारागिराचे नाव त्याने घेतलेच नाही. आज सातशे वर्षांनंतर त्या नावासाठी विद्वान कागद चाळीत बसले आहेत, आणि ज्याच्या जिभेवर ते होते त्याला ते उच्चारण्याचे अगत्य वाटले नाही!

त्याच काळात पिसा शहरातील मठात आलेस्सांद्रो स्पिना नावाचा एक साधू होता. तो 1313 साली वारला. मठाच्या बखरीत त्याच्याविषयी नोंद आहे, तिचा आशय असा: चष्मा आधी दुसऱ्या कुणीतरी केला होता, पण तो आपली विद्या कुणाला देईना. स्पिनाने ती वस्तू पाहून स्वतः तशी केली आणि हसतमुखाने सर्वांना शिकवली. ज्याने शोधले त्याने झाकून ठेवले. ज्याने शोधले नाही त्याने वाटून टाकले. पहिल्याचे नाव बुडाले, दुसऱ्याचे राहिले. येथे काळाने न्याय केला असे वाटते. परंतु काळ नेहमीच असा न्यायी नसतो.

त्यानंतर तीनशे वर्षे युरोपात चष्मेवाल्यांची दुकाने चालली. चाळिशीच्या चष्म्याची फुगीर भिंगे होती, लांबचे न दिसणाऱ्यांची खोलगट भिंगेही होती. दोन्ही एकाच फळीवर शेजारीशेजारी पडलेली असत. एक डोळ्याजवळ आणि एक हातभर पुढे धरले की दुर्बीण झाली. आणि तरीही ती झाली ती 1608 साली.

त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या 25 तारखेला हॉलंड देशातील झीलंड प्रांताच्या कारभाऱ्यांनी हेग येथील आपल्या प्रतिनिधींना पत्र पाठवले. पत्र घेऊन येणाऱ्या माणसाजवळ असे एक साधन आहे की, त्यातून फार दूरच्या वस्तू जवळ असल्यासारख्या दिसतात. त्याची राजपुत्र मॉरिस यांच्याशी गाठ घालून द्यावी, असा त्याचा मजकूर होता. हा माणूस म्हणजे बहुधा मिडलबर्ग गावचा चष्मेवाला हान्स लिपरशे. 2 ऑक्टोबर रोजी राष्ट्रसभेपुढे त्याचा अर्ज आला. मला तीस वर्षांचा एकाधिकार द्यावा, नाहीतर वर्षासन बांधून द्यावे, अशी त्याची मागणी होती. सभासदांनी उपकरण पाहिले, आणि सरकारी माणसांच्या स्वभावास अनुसरून एक सुधारणा सुचवली: एक डोळा मिटावा लागतो हे गैरसोयीचे आहे, तेव्हा दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे करून आणावे. लिपरशेने तेही करून दिले. अशा तीन जोड दुर्बिणींचे मिळून त्याला 900 गिल्डर मिळाले. एकाधिकार मात्र मिळाला नाही. ही विद्या आणखीही काही जणांना अवगत आहे असे दिसते, हे कारण दिले गेले.

ते कारण खरे होते. लिपरशेच्या अर्जाला दोन आठवडे होतात न होतात तोच अल्कमार गावचा याकोब मेटियस पुढे आला. आपण या कामात दोन वर्षे खपत आहोत, असे त्याचे म्हणणे. सभेने त्याला 100 गिल्डर दिले आणि 'आणखी सुधारणा करा' म्हणून वाटेला लावले. शिवाय झीलंडहून दुसरे पत्र आले की, येथे आणखी एक तरुण आहे, त्यालाही हे येते. त्याच शरद ऋतूत जर्मनीत फ्रँकफुर्टच्या जत्रेत एक डच माणूस तसेच उपकरण विकीत हिंडत होता. भिंगाला तडा गेला होता आणि किंमत भलतीच होती, म्हणून गिऱ्हाईक परत गेले.

या बातमीच्या प्रवासाचीही एक मौज आहे. सयामच्या राजाचे वकील त्या सुमारास हॉलंडला आले होते. त्यांच्या आगमनाची हकीकत देणारे एक छोटे पत्रक छापले गेले, आणि त्याच्या शेवटी या नव्या नळीची बातमी होती. हेगच्या मनोऱ्यावरून डेल्फ्टचे घड्याळ आणि लायडनच्या देवळाच्या खिडक्या दिसतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तारेही दिसतात, असे त्यात लिहिले होते. हत्तींच्या देशातून आलेल्या पाहुण्यांच्या वार्तेला बांधलेली ही शेपटी देशोदेशी गेली. 1609 च्या एप्रिलात पॅरिसच्या चष्मेवाल्यांकडे दुर्बिणी विकायला आल्या. उन्हाळ्यात ती बातमी व्हेनिसला गॅलिलिओच्या कानांवर पोचली.

गॅलिलिओचे मोठेपण कमी करण्याचा माझा हेतू नाही. त्याने भिंगे स्वतः घासली. प्रथम तिप्पट, मग आठपट, मग वीसपट मोठे दाखवणारी नळी केली. साठांहून अधिक दुर्बिणी केल्या, तेव्हा त्यांतल्या थोड्या गुरूचे उपग्रह पाहण्याच्या लायकीच्या निघाल्या. आणि जे पाहिले ते त्याने मार्च 1610 मध्ये छापून जगापुढे ठेवले. इंग्लंडात टॉमस हॅरियटने गॅलिलिओच्या काही महिने आधी, 1609 च्या जुलैतच, दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले होते. पण त्याने ते छापले नाही, म्हणून हॅरियटचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? पाहणे निराळे आणि पाहिलेले सांगणे निराळे.

परंतु त्याच गॅलिलिओची दुसरी बाजू अशी. ऑगस्ट 1609 मध्ये त्याने व्हेनिसच्या राज्यकर्त्यांना दुर्बीण अर्पण केली. त्याचा पगार जवळजवळ दुप्पट झाला आणि नोकरी तहहयात झाली. छापील पुस्तकात त्याने कबूल केले की, एका डच माणसाने असे साधन केल्याचे आपण ऐकले. पण 'एका' यापलीकडे तो गेला नाही. पुढे 1623 मध्ये, टीकाकारांना उत्तर देताना, त्याने असा युक्तिवाद केला की, त्या चष्मेवाल्याला ती गोष्ट भिंगे चाळवताना सहज सापडली. मी ती विचाराने शोधली. विद्वानाला सापडले तर तो शोध, आणि कारागिराला सापडला तो योगायोग! हा युक्तिवाद पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्याचा राग आला नाही. लाज वाटली. का, ते पुढे येईल.

हक्काचा झगडा एवढ्यावर संपला नाही. 1655 साली मिडलबर्ग गावी चौकशी बसली. झकारियास यान्सन नावाच्या चष्मेवाल्याचा मुलगा साक्षीला आला आणि शपथेवर म्हणाला की, दुर्बीण माझ्या वडिलांनी 1590 सालीच केली होती. पुढे नोंदी पाहिल्या तेव्हा वडिलांचा जन्म 1585 च्या सुमाराचा निघाला! म्हणजे पाच वर्षांच्या पोराने दुर्बीण केली असे मानावे लागेल. शिवाय या यान्सनसाहेबांना खोटी नाणी पाडल्याबद्दल शिक्षाही झाली होती. मुलाची साक्ष खोटी खरी. पण आपल्या वडिलांसाठी थोडी जागा मागणाऱ्या त्या मुलावर मला फार रागावता येत नाही. आता या वादाचा निकाल लागण्याची आशाही उरलेली नाही. मे 1940 मध्ये महायुद्धात मिडलबर्ग जळाले, आणि गावचे जुने दप्तर त्यात खाक झाले. एका डच अभ्यासकाने 1906 मध्ये त्यातले जे छापून ठेवले होते तेवढे वाचले.

यावर शहाणी माणसे म्हणतील, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये असे आपल्याकडे म्हटलेच आहे. दुर्बीण कुणी का करीना, चंद्र दिसल्याशी कारण. मीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो. म्हणण्यात माझी सोय होती.

1985 सालची गोष्ट. हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून गावोगाव हवा झाली होती, आणि दिवाळीनंतर तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन होते. मी तेव्हा तिशीत होतो, उत्साह होता. आमच्या शाळेने दुर्बीण करायची असे मी ठरवले. चष्म्याच्या दुकानातून एक डायोप्टरचे न कापलेले भिंग आणले, घड्याळजीकडून डोळ्याला लावायचे लहान भिंग आणले, कापडाच्या दुकानातून ताग्याची पुठ्ठ्याची नळी मागून घेतली. हिशेबाप्रमाणे वीसपट मोठे दिसायला हवे होते. दिसलेही. पण चंद्र म्हणजे दह्यात पडलेला बत्तासा, आणि त्याला जांभळी झालर! मी भिंगे पुढेमागे केली, पुसली, उलटी लावली. चार रात्री गेल्या. मुलांचा धीर सुटत चालला.

आमच्या प्रयोगशाळेत एक शिपाई होते. सगळी शाळा त्यांना मामा म्हणे. नळी धरायला, कंदील हलवायला ते रात्री थांबत. त्यांना लांबचे नीट दिसत नसे आणि चष्मा करणे परवडत नसे. म्हणून एस. टी.ची पाटी वाचायची झाली की ते मूठ आवळून तिच्या बारीक भोकातून पाहत. पाचव्या रात्री ते म्हणाले, "सर, पुढचं भिंग झाकून बघू का? सगळं नको, कडेकडेचं." मी हसलो. भिंग झाकले तर उजेड कमी होणार, हे मला पुस्तकाने शिकवलेले होते. त्यांनी वहीचा पुठ्ठा घेतला, रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडले आणि भिंगावर बसवला. मी डोळा लावला. चंद्रावरचे खळगे मोजावेत असे दिसत होते.

त्याचे शास्त्र मला दोन मिनिटांत आठवले. भिंगाच्या कडेचे किरण मधल्या किरणांशी एका जागी मिळत नाहीत, त्यामुळे चित्र फिसकटते; कड झाकली की ते सावरते. मी मुलांना ते फळ्यावर काढून दाखवले. प्रदर्शनात परीक्षकांनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवून विचारले, "ही युक्ती कुणाची?" मी ते शास्त्र इतक्या सफाईने समजावून सांगितले की, 'कुणाची' या शब्दाचे उत्तर द्यायचे राहून गेले. राहून गेले असे मी इतकी वर्षे म्हणत आलो. खरे म्हणजे मी ते दिले नाही. मामा तेव्हा माझ्या मागेच तिकाटणे धरून उभे होते. पहिला क्रमांक आला. चिठ्ठीवर दोन विद्यार्थ्यांची नावे आणि 'मार्गदर्शक' म्हणून माझे. परतताना एस. टी.त मामा नळी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "नंबर आला ना, सर? झालं तर मग." मी स्थानकावर त्यांना चहा पाजला, आणि तेवढ्याने फिटले असे समजलो.

ते फिटले नव्हते, हे मला फार उशिरा कळले, आणि तेही एका परक्या माणसामुळे. रॉल्फ विलाख नावाच्या संशोधकाने जुन्या काळची पुष्कळ भिंगे तपासली आणि 2008 मध्ये आपला निष्कर्ष मांडला. फुगीर आणि खोलगट भिंगे शेजारी पडलेली असूनही दुर्बीण का झाली नाही, हा त्याचा प्रश्न होता. त्याला आढळले की, हाताने घासलेल्या त्या भिंगांचा मधला भाग बरा असे आणि कडा बिघडलेल्या असत. चष्म्याला तेवढे चालते, कारण डोळा एका वेळी भिंगाच्या लहानशा भागातून पाहतो. दुर्बिणीला चालत नाही. त्याचा तर्क असा की, मिडलबर्गच्या चष्मेवाल्याने जे नवे केले ते दोन भिंगे एकत्र आणणे नव्हे. ते कुणालाही सुचले असते. त्याने पुढच्या भिंगाची कड झाकली, एवढेच केले.

हे वाचले तेव्हा मी खुर्चीत बसून राहिलो. मामा वारून तोपर्यंत तीन वर्षे झाली होती.

कड झाकली की मधले स्वच्छ दिसते, हा भिंगाचा गुण आहे. गोष्ट सांगतानाही आपण तेच करतो. एक नाव मध्ये ठेवतो, बाकीची झाकतो. चित्र नीट उमटते, मुलांच्या लक्षात राहते, गाळलेल्या जागेत मावते. यात सगळेच लबाडी करतात असे मी म्हणत नाही. कड झाकल्यावाचून काही वेळा दिसतच नाही. पण झाकताना आपण काय झाकले, हे झाकणाऱ्याला तरी ठाऊक असावे.

आणि म्हणून ती जुनी म्हण मला आता अर्धीच खरी वाटते. नदीचे मूळ सापडेल किंवा सापडणार नाही. दुर्बिणीचा पहिला कर्ता कोण, हा इतिहासाचा प्रश्न आहे. दप्तरे जळतात, साक्षी खोट्या निघतात, त्याला आपला इलाज नाही. परंतु माझ्या ओंजळीत पाणी कुणी घातले, हे मला ठाऊक असते. त्यासाठी दप्तर लागत नाही. जॉर्दानोला ठाऊक होते. मला ठाऊक होते. पूर्वजांनी ऋषिऋण म्हणून जे एक ऋण सांगितले आहे, ते फेडण्यासाठी ऋषी दाढीवालाच असला पाहिजे असे कुठे आहे? तो प्रयोगशाळेत काचपात्रे धुणाराही असू शकतो. पहिलेपणाचा मान कुणाला द्यावा याबद्दल जगाने खुशाल भांडावे. 'हे मला अमक्याने दिले' एवढे म्हणायला मात्र जगाची परवानगी लागत नाही, आणि तेच आपण टाळतो. कारण ते म्हणताना आपले नाव जरासे लहान होते.

हे लिहायचे ठरले तेव्हा मी मामांच्या मुलाकडे गेलो. त्याला सारे सांगितले आणि म्हटले, "तुझ्या वडिलांचं नाव छापतो." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "छापून काय करायचं, सर? लोक नुसते विचारत बसतील. शाळेत लिहा. बाबा तिथेच होते."

सुट्टी संपल्यावर मी नातीला घेऊन शाळेत गेलो. तिला ही गोष्ट मी वाटेत सांगितली. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाट उघडून दिले. नळीला वाळवी लागली होती, पण भिंग होते, आणि त्यावर वहीचा पुठ्ठाही तसाच होता. जुन्या चिठ्ठीवर आणखी एका नावाला जागा नव्हती. नातीचे अक्षर चांगले आहे. तिने नवी चिठ्ठी लिहिली. मामांचे नाव तिने सर्वांत वर घातले, आणि त्यांनी काय केले ते एका ओळीत लिहिले.

तिच्या वहीतल्या त्या गाळलेल्या जागेचेही सांगून टाकतो. तिने तिथे 'हॉलंडमधील चष्मेवाले' असे लिहिले होते, आणि ते समासाबाहेर गेले होते. बाईंनी तांबड्या शाईने शेरा मारला: 'फक्त एक नाव लिहावे.' गुण गेला. नात म्हणाली, "जाऊ दे, आजोबा."